'जाला' नव्हे 'गेला' : माडिया मुलांना 'जाणे' शिकवताना

एटापल्ली भागात पहिली-दुसरीच्या वर्गात "तो बाजारात जाला" हे वाक्य हमखास ऐकू येतं. मोठी मुलं हसतात, आणि तो पोरगा मग आठवडाभर मराठीत तोंड उघडत नाही. मला काळजी वाटते ती या गप्प बसण्याची.

मुळात 'जाला'मध्ये मुलाची हुशारी आहे. पडला, बसला, चढला ऐकून त्याने 'ला' लावायचा नियम स्वतःच शोधला. अडचण क्रियापदाची आहे. 'जातो' हे संस्कृत 'या' धातूपासून आलं आणि 'गेला' हे 'गत'पासून, म्हणजे 'गम्' धातूपासून. दोन वेगळी मुळं एका क्रियापदात नांदतात. येणे-आला, करणे-केला, होणे-झाला हीसुद्धा अशीच आडमुठी. जगभर हेच दिसतं : इंग्रजीत गो-वेंट, स्पॅनिशमध्ये 'मी जातो' म्हणजे 'वोय' आणि 'मी गेलो' म्हणजे 'फुई'. रोज तोंडात असणारी रूपं नियमाला जुमानत नाहीत. (गंमत म्हणजे जुन्या मराठीत 'जाला' होताच, पण 'झाला' या अर्थाने!)

दुसरी गाठ लिंगाची. माडिया ही द्रविड कुळातली भाषा. तिच्यात पुरुषांचा एक गट आणि बाया, जनावरं, वस्तू यांचा दुसरा. त्यामुळे 'आई गेली' पण 'वासरू गेलं' हा फरक मुलाला घरच्या भाषेतून मिळत नाही. त्यात आपण बोलतो 'गेलं', पुस्तकात छापलेलं असतं 'गेले'. शिवाय 'ती गेली' म्हणजे एक मुलगी, आणि 'ती मुलं गेली' म्हणजे अख्खा वर्ग! म्हणून दोन्ही गाठी एकाच दिवशी सोडवायला घेऊ नका.

गेला-गेली-गेलेचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा हजेरीचा उपयोग होतो. गैरहजर मुलाचं नाव आलं की विचारायचं, "कुठं गेला?" उत्तर येतं, "मोह वेचायला जाला." आपण चूक न दाखवता सहज म्हणायचं, "अस्सं, मोह वेचायला गेला! आणि त्याची बहीण?" "गेला." "तीपण गेली का?" मोहाच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असतो, तेव्हा सरावाला तोटा नाही. पंधरा-वीस दिवसांत 'गेला' बसतो. 'गेली'ला जास्त वेळ लागतो, आणि 'गेलं' सगळ्यात शेवटी येतं. तोवर वहीत 'जाला' दिसला तर लाल पेनाने काट मारू नका. शेजारी नुसतं 'गेला' लिहा.