वजन कमी करण्याचे ऑपरेशन : एक छिद्र की पाच?

जाफराबादच्या एका वस्तीतून आम्हाला प्रश्न आला आहे. मुलीचे वजन 100 किलोच्या वर, त्यात साखर. एका डॉक्टरांनी पाच छिद्रांचे दुर्बिणीचे ऑपरेशन सुचवले. दुसरीकडे सांगितले, "बेंबीतून एकच छिद्र, व्रण दिसणार नाही", पण खर्च जास्त. लग्न व्हायचे आहे म्हणून आई-वडील शेत गहाण ठेवायला निघाले आहेत. त्यांच्यासाठी आणि अशा प्रत्येक घरासाठी हा पाठ.

दुर्बिणीचे ऑपरेशन आता नवलाईचे राहिलेले नाही. भारतात पित्ताशयाचे पहिले दुर्बिणीचे ऑपरेशन 1990 मध्ये मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केले. पोटात वायू भरून जागा करतात, एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून अवजारे घालतात.

वजनासाठी बहुधा 'स्लीव्ह' ऑपरेशन करतात. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात व उरलेल्याची केळ्यासारखी नळी ठेवतात. थोड्या घासात पोट भरते, भूकही कमी लागते.

दोन्ही पद्धतींत फरक काय?

नेहमीच्या पद्धतीत अर्धा ते सव्वा सेंटिमीटरची चार ते सहा छिद्रे असतात. एकछिद्री पद्धतीत बेंबीजवळ सुमारे अडीच ते चार सेंटिमीटरचा एकच छेद घेऊन सगळी अवजारे तिथूनच घालतात. दोन-तीन छिद्रांची मधली पद्धतही आहे. पोटाच्या आत जठर मात्र सारखेच कापले जाते. म्हणून वजन उतरण्यात दोन्हींत विशेष फरक आढळलेला नाही.

एकछिद्री पद्धतीचा खरा फायदा व्रणाचा. तो बेंबीत लपतो आणि रुग्णांना त्याचे समाधान वाटते. दुखणे किंचित कमी असू शकते, पण फार नाही.

तोटेही समजून घ्या. अवजारे एकाच जागेतून जात असल्याने एकमेकांना अडतात, म्हणून वेळ जास्त लागतो आणि डॉक्टरांचा हात त्यात चांगला बसलेला असावा लागतो. फार उंच किंवा फार वजनदार माणसाला, किंवा यकृत चरबीने मोठे झाले असेल तर ही पद्धत अवघड जाते. बेंबीचा छेद मोठा असल्याने पुढे तिथे हर्निया होण्याची काळजी राहते. डोक्यावर भारे वाहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईने हे आधी विचारात घ्यावे. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांनी आणखी एक छिद्र घेतले तर त्याला फसवणूक समजू नका. ती रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेली खबरदारी असते.

ऑपरेशन कोणाला?

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागा. तो आकडा म्हणजे बीएमआय. आपल्याकडे बरीच वर्षे चाललेला निकष असा : 37.5 च्या वर, किंवा साखर, रक्तदाब असे आजार असतील तर 32.5 च्या वर. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हे वजन अनुक्रमे सुमारे 87 आणि 75 किलो होते. नव्या सूचनांत हे आकडे आणखी खाली आले आहेत. निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांचाच.

पैसे कशासाठी राखावेत?

छिद्र एक असो वा पाच, पुढची वाट सारखीच. आधी पातळ आहार, मग मऊ, मग नेहमीचा. लोह, कॅल्शियम, बी-12 यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. साधारण वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचे. काही आठवडे जड वजन उचलायचे नाही. ताप, धडधड, धाप, असह्य पोटदुखी किंवा न थांबणारी उलटी झाली तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात जा. शिवलेली जागा गळत असू शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. जाफराबादहून छत्रपती संभाजीनगरला वरचेवर जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी आधीच हिशेबात धरा.

कोसलचा राजा प्रसेनजित अति खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मापात जेवण्याचा बोध केला. राजाने तो रोज जेवताना एका तरुणाकडून म्हणवून घेतला, घास हळूहळू कमी केले, आणि त्याचे शरीर हलके झाले. ऑपरेशननंतरही हे माप आपल्यालाच पाळावे लागते.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : अशी ऑपरेशने तुम्ही किती केली? माझ्या शरीराला कोणती पद्धत सुरक्षित? गुंतागुंत झाली तर खर्च कोणाचा? नंतरची तपासणी कुठे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, ते योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

त्या आई-वडिलांना आमचे सांगणे : केवळ व्रण लपवण्यासाठी शेत गहाण ठेवू नका. पाच छिद्रांचे व्रण काळाने फिके होतात. पोरीची साखर आटोक्यात येणे आणि तिच्या गोळ्या-तपासण्या न चुकणे जास्त मोलाचे. आणि लग्नासाठी तिच्या पोटावरचे व्रण मोजणारे घर तिच्या योग्यतेचे नाही.