टाकीतील अनपेक्षित पिलावळ : नफा की नुकसान?

आरसे, फ्रेम आणि खिडक्यांचे काम करणाऱ्या अनेक कारागीर बांधवांनी काचेचे फिशटँक बनविण्याचे काम जोडीला घेतले आहे. टाकी विकली की मोटार, दाणे व मासे हाही माल मागोमाग येतो. बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई मार्गावरील जंक्शन असल्याने आपल्या भागात माल आणणेही फारसे अवघड नाही. मात्र या जोडधंद्यात एक प्रश्न असा आहे, की ज्याची तयारी नसेल तर ग्राहक तुटतो आणि नुकसान आपल्या गावापर्यंत पोहोचते.

आमच्याच दुकानातील गोष्ट सांगतो. गडचिरोलीकडील एक शिक्षक आमच्याकडून दोन फुटी टाकी व पट्टेरी कॉन्व्हिक्ट जातीचे चार छोटे मासे घेऊन गेले. काही महिन्यांनी ते परत आले. म्हणाले, "भाई, चार मासे नेले होते, आता मोजता येत नाहीत. दोघांनी मिळून बाकीच्या दोघांना फाडून टाकले. ही सारी पिल्ले गावच्या तलावात सोडून देऊ का?" आम्ही म्हणालो, "गुरुजी, तेवढे मात्र करू नका. सगळी आमच्याकडे घेऊन या." चूक आमची होती. हे मासे घरच्या टाकीत सहज वीण देतात, हे आम्ही विकताना सांगितलेच नव्हते.

हे मासे कोणते?

एंजल, ऑस्कर, कॉन्व्हिक्ट, फ्लॉवरहॉर्न, पॅरट आणि आफ्रिकेतील मलावी सरोवराचे रंगीत मासे, हे सारे सिक्लिड कुळातील होत. कोकणच्या खाडीतील काळुंदर आणि उजनी धरणातील चिलापी म्हणजे तिलापिया हेही त्याच कुळातले. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड मात्र अंड्यांची व पिल्लांची राखण करतात. म्हणूनच घरच्या टाकीतही त्यांची पिल्ले जगतात आणि म्हणूनच राखणदार आईबाप इतर माशांवर तुटून पडतात.

कॉन्व्हिक्टची मादी कुंडीत किंवा दगडाच्या कपारीत शंभर ते तीनशे अंडी देते. एंजल उभ्या काचेवर अगर पानावर देते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण आठवड्याभरात पिल्ले पोहू लागतात. मलावीची मादी अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे उपाशी राहते. अशी मादी खात नाही म्हणून आजारी समजून औषध टाकू नये. पॅरट हा संकरित मासा आहे. त्याचे नर बहुधा वांझ असतात, त्यामुळे अंडी पांढरी पडून कुजतात. ती लगेच काढून टाकावीत.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

पहिले काम, जोडी व इतर मासे वेगळे करणे. दुसरी टाकी नसेल तर मधोमध काचेचा पडदा बसवावा. हे काम आपल्या कारागिरांचेच आहे. काचेच्या कडा घासून घ्याव्यात, खाली व बाजूला पाणी फिरण्यापुरती फट ठेवावी आणि पडदा पक्का न चिकटवता काढता येईल असा ठेवावा. फट इतकी बारीक असावी की मोठा मासा पलीकडे जाणार नाही. दोन्ही भागांत हवेची नळी सोडावी.

दुसरे, मोटारीच्या फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावावा, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात. तिसरे, दाणे कमी करावेत. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची पद्धत आहे, पण चिमूटभर जास्त झाला तरी पाणी सडते. आर्टेमियाची ताजी पिल्ले किंवा बारीक दळलेले दाणे अधिक बरे. एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदलावे आणि नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवूनच घालावे.

आपल्या भागात उन्हाळा हा मोठा शत्रू आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. पाणी तापले की त्यात हवा कमी मावते, आणि गर्दीच्या टाकीत वीज गेली तर दुपारीच मासे पटापट मरतात. झाकण उघडून पंख्याचा वारा पाण्यावर सोडावा आणि बॅटरीवर चालणारी हवेची मोटार हाताशी ठेवावी.

हिशेब मांडून पाहावा

दोनशे पिल्ले म्हणजे दोनशे रुपयांची नोट नव्हे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. पिल्लू इंचभर झाले की त्यास किमान दोन लिटर पाणी धरले, तर दोनशे पिल्लांना चारशे लिटर, म्हणजे अशा सात टाक्या लागतील. शिवाय वीज, दाणे व दोन-तीन महिन्यांची देखभाल. म्हणून आमचा सल्ला असा : आधी दुकानदाराशी बोलून किती पिल्ले खपतील ते ठरवावे, आणि तितकीच वाढवावीत. एंजलला गिऱ्हाईक मिळते. कॉन्व्हिक्टला कमी मिळते.

पिल्ले नकोच असतील तर अंडी दिसताच त्याच दिवशी कुंडी किंवा दगड बाहेर काढावा. पण जोडी तशीच राहिली तर काही आठवड्यांत पुन्हा अंडी येतात. खरा उपाय नर व मादी वेगळे करणे किंवा एकच मासा ठेवणे हा आहे. वाढलेली पिल्ले दुकानात परत द्यावीत, किंवा मोठ्या माशांना खाद्य म्हणून वापरावीत.

तलावात का सोडू नये?

तिलापियाचा इतिहास आपल्यासमोर आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणला गेला. स्वस्त अन्न मिळेल ही आशा होती. परंतु तो दोन-तीन महिन्यांतच वयात येऊन वारंवार वीण देतो, तळ्यात गर्दी होते आणि मासे खुरटे राहतात. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली, पण तोवर तो पसरला होता. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आजही चिलापीच जास्त येते.

चंद्रपूर व गडचिरोलीतील माजी मालगुजारी तलाव हे एकाच्या सांडव्यातून दुसऱ्याला पाणी देणारे आहेत. एका तलावात सोडलेला मासा पावसाळ्यात खालच्या तलावात, शेतात आणि शेवटी वैनगंगेत जाऊ शकतो. या तलावांवर ढिवर बांधवांच्या संस्था रोहू, कतला, मरळ पकडून पोट भरतात. रामाळा असो वा घोडाझरी, आपल्या टाकीतील नको असलेला मासा म्हणजे दुसऱ्याच्या रोजीवर घाला ठरू शकतो. माशाबरोबर टाकीतील रोगही जातो. नाल्यात, विहिरीत सोडणे हेही तसेच.

दुकानदाराचे कर्तव्य

यापुढे आम्ही सिक्लिड विकताना चार गोष्टी सांगतो : हा मासा किती मोठा होईल, जोडी ठेवल्यास पिल्ले होतील, टाकी किती मोठी लागेल, आणि नको झाल्यास तो आमच्याकडेच परत आणावा. परत आलेल्या माशाचे पैसे आम्ही देत नाही, पण तो घेण्यास नकारही देत नाही. त्या शिक्षकांची पिल्ले आम्ही घेतली; काही विकली, काही मोठ्या माशांना गेली. ते आजही आमचे ग्राहक आहेत, आणि आता त्यांच्या शाळेतील टाकीही आमच्याकडेच बनते.

मालाचा दोष लपवून केलेला सौदा एकदाच होतो. सांगून केलेला सौदा पुन्हा पुन्हा होतो.