सायकलस्वाराचे शिरस्त्राण आणि धोक्याची जाणीव

गेल्या दिवाळीत मी सायकलसाठी शिरस्त्राण, म्हणजे आपण ज्याला हेल्मेट म्हणतो ते, विकत घेतले आणि आमच्या आळीला हसायला विषय मिळाला. "डोक्यावर टोपलं घालून कुठं निघालीस गं?" शेजारच्या काकूंनी विचारले. आई मात्र हसली नाही. "एवढं भ्या वाटतंय तर यष्टीनं जा," म्हणाली. एस. टी. पहिला तास संपल्यावर पोहोचवते, हे तिला ठाऊक आहे.

घर ते महाविद्यालय नऊ किलोमीटर. सायकल आठवीत असताना सरकारी योजनेतून मिळालेली, तीच. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. माझे काही बरेवाईट झाले तर धाकट्या बहिणीचेही शिक्षण थांबेल, हे न बोलता सर्वांना कळते. त्यामुळे मानसशास्त्राच्या तासाला सरांनी 'धोक्याची जाणीव' हा विषय काढला, तेव्हा मी जरा पुढे सरकून बसले.

आमच्या शिवारात ऊस दाट आहे आणि आईला भीती बिबट्याची. ती खोटी नाही. पण साखर कारखाना सुरू झाला की उसाने भरलेले दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर अंधारात त्याच रस्त्याने जातात; मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही. त्यांची भीती कुणाला वाटत नाही, कारण ते रोजचे, आणि त्यांतला एखादा आपल्याच मामाचा असतो! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ साली 'सायन्स' या नियतकालिकात हेच मांडले. सामान्य माणूस धोका मोजताना केवळ मृतांचा आकडा पाहत नाही. तो धोका किती भयंकर वाटतो, किती अनोळखी आहे, यावर त्याचा अंदाज ठरतो.

या दोन्हींत न बसणारी एक गोष्ट आमच्या घरात घडली. दोन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ कॅनॉलच्या पुलावर खडीवरून घसरला. ट्रॅक्टर नव्हता, बिबट्या नव्हता, वेगही नव्हता. डोके कठड्यावर आपटले. तो आता बरा आहे. पण बोलताना मध्येच एखादा शब्द सापडत नाही, म्हणून थांबतो. बारावीची परीक्षा त्याने दिली नाही. गावात याला कुणी अपघात म्हणत नाही. 'सायकलवरून पडला' म्हणतात.

आता हेल्मेट काय करते ते पाहू. त्याच्या आतला थर म्हणजे एक प्रकारचे टणक थर्माकोलच. आपटताच ते चेपते आणि डोक्याला बसणारा धक्का स्वतः घेते. (एकदा असे चेपले की ते टाकून द्यायचे असते. हे मला दुकानदाराने सांगितले नाही.) युरोपच्या मानकानुसार ते सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडी ऐरणीवर आपटून तपासतात, म्हणजे ताशी साधारण वीस किलोमीटरचा आघात. भरधाव ट्रकची धडक त्या परीक्षेत नाही. थोडक्यात, ज्याची सर्वांना भीती वाटते त्यासाठी हेल्मेट पुरेसे नाही, आणि ज्याला कुणी मोजतच नाही त्या साध्या पडण्यासाठी ते उपयोगाचे आहे. चाळीस अभ्यासांतील चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली.

मग सक्ती का करू नये? ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून ती केली. डोक्याच्या इजा कमी झाल्या, पण सायकल चालवणारी किशोरवयीन मुलेही ठळकपणे कमी झाली. नेदरलँड्समध्ये तर रोज सायकलने जाणारे बहुतेक लोक हेल्मेट घालतच नाहीत. तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत. आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलपुरते आहे. ते सायकलला लावले, तर आमच्या गावातल्या निम्म्या मुलींची सायकल पडवीत जाईल असे मला वाटते. हेल्मेटच्या पैशांत दोन महिन्यांचे तेल येते.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात असताना इयन वॉकर यांनी केलेला प्रयोग मला फार आवडला. त्यांनी स्वतः सायकल चालवून, ओलांडून जाणारी वाहने किती अंतर ठेवतात ते मोजले. २००७ साली छापलेला निष्कर्ष असा की हेल्मेट असताना वाहने सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेली. लांब केसांचा टोप घातला, तेव्हा मात्र जास्त अंतर ठेवून गेली! हेल्मेटबाबतच्या या निष्कर्षावर पुढे इतर संशोधकांनी आक्षेप घेतले. जी वाहने खरोखर धोकादायक अंतरावरून जातात त्यांत हेल्मेटने फरक पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. आमच्या रस्त्यावर लांब वेणीचा असा काही मान ठेवला जातो, हा अनुभव मला नाही.

मी हेल्मेट घालते. त्यासोबत मागच्या मडगार्डला तांबडा परावर्तक लावला, तो हेल्मेटपेक्षा कितीतरी स्वस्त पडला. तरी अंधाराचे काय? आमचा शेवटचा तास सव्वापाचला संपतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि घर पाऊण तासावर. ऊसतोडणीच्या महिन्यांत हा तास सकाळी घ्यावा, असा अर्ज आम्ही सायकलवरून येणाऱ्या अकरा जणींनी कार्यालयात दिला आहे. चुलतभावाला पुढच्या वर्षी पुन्हा बारावीला बसायचे आहे. त्याचे केंद्र याच गावात येईल, म्हणून त्याच्या मापाचे हेल्मेट मी बघून ठेवले आहे.