औषधालयासाठी ई-मेल प्रोग्रॅमची निवड

औषधांच्या मागण्या, उत्पादकांची दरपत्रके व रुग्णांचे तपासणी अहवाल आता ई-मेलने येतात. त्यासाठी प्रोग्रॅम निवडताना वैद्यबंधूंनी बाह्य रूपापेक्षा पत्रे कोठे साठतात, हे प्रथम पाहावे.

'पॉप' पद्धतीत पत्रे सर्व्हरवरून एका संगणकावर उतरतात व बहुधा सर्व्हरवरून पुसली जातात. 'आयमॅप' पद्धतीत ती सर्व्हरवरच राहतात. चिकित्सालय, औषधालय व मोबाइल या तिन्ही ठिकाणी एकच पत्रपेटी दिसते. आम्ही पूर्वी पॉप वापरीत होतो. हार्ड डिस्क निकामी झाली आणि रुग्णांचे तीन वर्षांचे अहवाल गमावले.

प्रोग्रॅमचे आयुष्यही विचारात घ्यावे. विंडोज १० मधील 'मेल' मायक्रोसॉफ्टने २०२४ अखेर बंद केला. मोझिलाचा 'थंडरबर्ड' २००४ पासून उपलब्ध आहे; तो विनामूल्य असून आयमॅप चालवितो. लहान औषधालयास तो पुरेसा आहे.

मात्र आयमॅपमध्ये एका ठिकाणी पुसलेले पत्र सर्वत्र पुसले जाते. म्हणून दरमहा पत्रांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी व ती उघडते याची खात्री करावी, असे आम्ही सुचवितो.