हवा मोजायला डोंगरावर? हो, आणि पगारही मिळतो

“प्रदूषण तर खाली शहरात आहे, मग हवा मोजायला डोंगरावर कशाला जायचं?” करिअरच्या कार्यक्रमात हा विषय काढला की पालकांमधून हमखास हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. स्वारगेटच्या चौकात लावलेलं यंत्र त्या चौकाची हवा सांगतं. शेकडो किलोमीटरवरून वाऱ्याबरोबर काय येतंय, वातावरण वर्षागणिक कसं बदलतंय, हे कळायला मात्र धुराड्यांपासून दूर, उंचावरची जागा लागते.

अशी एक जागा आपल्या ओळखीची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची (आयआयटीएम) प्रयोगशाळा २०१२पासून महाबळेश्वरला आहे. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकतात, त्यामुळे विमान न उडवताही ढगाच्या आत बसून थेंब आणि धूलिकण मोजता येतात. नैनितालच्या एरीज संस्थेत ओझोन आणि सूक्ष्म कणांवर काम चालतं. लडाखमध्ये सुमारे ४,५०० मीटरवरचं हानले दुर्बिणींसाठी प्रसिद्ध असलं, तरी तिथल्या कणांचाही अभ्यास झाला आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण नेपाळचं. एव्हरेस्टच्या वाटेवर, ५,०७९ मीटर उंचीवर, २००६मध्ये एक निरीक्षण केंद्र सुरू झालं. इतक्या उंचीवर हवा निर्मळच असणार, अशी आपली समजूत. पण पावसाळ्याआधीच्या महिन्यांत तिथे काजळीचे कण आणि ओझोन दुपारी वाढताना दिसले. दिवसा डोंगरउतार तापतात, वारा दरीतून वर चढतो आणि खालचा धूर सोबत आणतो. रात्री वारा उलटतो आणि वरच्या थरातली स्वच्छ हवा उतरते. म्हणजे एकच यंत्र दुपारी एक गोष्ट सांगतं आणि पहाटे दुसरी. कुठल्या तासाचा आकडा कशासाठी वापरायचा, हे ठरवणं ही या व्यवसायातली खरी हुशारी. आणि ती काजळी बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन शोषतो, लवकर वितळतो. खालच्या नद्यांशी, शेतीशी हा विषय असा जोडलेला आहे.

रोजचं काम फारसं रोमांचक नसतं, हे मुलांना आधीच सांगावं. काजळी मोजणाऱ्या यंत्रात पंप हवा ओढतो, फिल्टरच्या पट्टीवर काळा ठिपका बसतो आणि त्यातून प्रकाश किती कमी झाला यावरून प्रमाण निघतं. पंपाचा वेग तपासा, पट्टी बदला, वायू मोजणाऱ्या यंत्रात प्रमाणित वायू सोडून ते बरोबर दाखवतंय ना ते पाहा, नोंदवहीत लिहा. शेजारी कुणी शेकोटी पेटवली तरी आलेख उसळतो, तेही लिहा. पण अशा नेमाने ठेवलेल्या नोंदींचंच मोल मोठं असतं. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८मध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं प्रमाण दर दशलक्ष भागांत ३१५च्या आसपास होतं; आज ते ४२०च्या पुढे गेलंय. निधी कापल्यामुळे १९६४मध्ये काही महिने नोंदी थांबल्या. ती फट आलेखात आजही दिसते. ज्या मुलाला रोज नवं काहीतरी हवं असतं, त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शिक्षण. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. पुढे बीएस्सी किंवा बीई. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाशविज्ञान विभाग, आयसरचा पृथ्वी व हवामान विज्ञान विभाग किंवा आयआयटी. संशोधनासाठी सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये पृथ्वी व वातावरण विज्ञानाचा स्वतंत्र पेपर आहे. कनिष्ठ संशोधक वृत्ती २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांनीही निराश होऊ नये, कारण यंत्र बंद पडलं की शास्त्रज्ञ त्यांच्याच तोंडाकडे पाहतात. पायथनसारखी संगणकभाषा आणि संख्याशास्त्र मात्र सगळ्यांनाच लागतं.

कायम पदं थोडी आहेत आणि सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पावरच्या कंत्राटात जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हेच कौशल्य हवामान खातं, प्रदूषण नियंत्रण मंडळं, पर्यावरण सल्लागार कंपन्या आणि मोजमाप यंत्रं बनवणारे कारखाने यांनाही लागतं. “मुलगी एकटी डोंगरावर कशी राहील?” याचंही उत्तर सोपं आहे. बरीचशी यंत्रं आपोआप चालतात, माणसं आळीपाळीने वर जातात आणि बहुतेक वेळ शहरातल्या संगणकासमोरच जातो. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, त्यामुळे अशा ठिकाणी मात्र तब्येतीची तपासणी टाळू नये.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, अनेक संशोधनसंस्था सर्वांसाठी दारं उघडतात. मुलांना तिथे जरूर न्या. आणि पालकहो, प्रश्न त्यांना विचारू द्या. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा.