वेढ्यात घेतलेले शेत

आजचे वाचन : यिर्मया ३२:१-२५



यिर्मया २९:११ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. स्टेटसला, मगवर, वाढदिवसाच्या कार्डावर ते वचन असतंच. त्याच संदेष्ट्याचा ३२ वा अध्याय मात्र फारसा कुणी शेअर करत नाही, कारण त्यात आहे चक्क एक जमीनखरेदी. किंमत, तराजू, साक्षीदार, खरेदीखताच्या दोन प्रती. पण देवाच्या अभिवचनावर भरवसा ठेवणारा माणूस वाईट काळात नेमकं करतो काय, हे बघायचं असेल तर मी कुणालाही आधी हाच अध्याय वाचायला सांगेन.

काळ आहे सिद्कीया राजाचे १० वे वर्ष, साधारण इ.स.पू. ५८७. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार हे तो सांगत राहिला. खायला रोज एक भाकर, तीही शहरातली भाकर संपेपर्यंत (३७:२१). बाहेरची परिस्थिती कशी होती? ३४:७ सांगते की यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी आता लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. १९३५ साली लाखीशच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. त्यातल्या एकावर कुणी आपल्या वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या खुणांवर लक्ष ठेवून आहोत, अजेकाची खूण दिसत नाही. आपण बायबलमध्ये दोन नावे वाचून पुढे जातो. त्या माणसासाठी ती रोजची भीती होती.

अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. कुळाची जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी, हा नियमशास्त्रातला हक्क होता (लेवीय २५:२५). मागणी रीतसर होती. पण अनाथोथ यरुशलेमेपासून ४-५ किलोमीटरवर, म्हणजे वेढ्याच्या पलीकडे, जिथे खास्दी सैन्याचा वावर होता तिथे. आणि गाव कुठले? यिर्मयाचे स्वतःचे. याच गावच्या लोकांनी त्याला जिवे मारण्याची धमकी दिली होती (११:२१), त्याच्या घरच्यांनीही त्याला दगा दिला होता (१२:६). अशा गोतावळ्यातला भाऊ तुरुंगात भेटायला येतो, तेही जमीन गळ्यात मारायला! आपण काय उत्तर दिलं असतं ते मी लिहीत नाही.

८ वे वचन सावकाश वाचा. हनामेल येणार हे परमेश्वराने आधीच सांगितले होते. तरी तो खरोखर येऊन बोलल्यावर यिर्मया म्हणतो की हे परमेश्वराचे वचन आहे हे तेव्हा मला समजले. म्हणजे ४० वर्षे संदेश देणाऱ्या माणसालाही खात्री पटली ती दारात माणूस उभा राहिल्यावर. मला यात फार दिलासा वाटतो.

मग तो व्यवहार करतो, आणि नीट करतो. १७ शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. आजच्या मापात २०० ग्रॅमच्या जरा आत. साक्षीदारांसमोर सही, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. मृत समुद्राच्या परिसरातल्या गुहांत अशी दुहेरी खते खरोखर सापडली आहेत, यिर्मयाच्या पुष्कळ नंतरची. तेव्हा ही संदेष्ट्याची नाटकी कृती नव्हती, त्या देशातली कागदपत्रांची पद्धतच तशी होती.

आता हिशेब करून बघा. बंदिवास ७० वर्षांचा हे यिर्मयानेच लिहून कळवले होते (२९:१०). त्याला लग्न करायची, मुलेबाळे होऊ द्यायची देवाने मनाई केली होती (१६:२). म्हणजे शेत कसायला तो जाणार नव्हता आणि मागे वारसही नव्हता. मग ही खरेदी कुणासाठी?

हा प्रश्न त्यालाही पडला. पण कधी? खत बारूखाच्या हाती दिल्यानंतर. १६ व्या वचनापासून तो प्रार्थना करतो. आधी आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाची थोरवी गातो, आणि शेवटी मनातलं बोलतोच. प्रभू, शत्रूचे मोर्चे तटापर्यंत आले, शहर खास्द्यांच्या हाती जात आहे, आणि तू मला शेत घे म्हणतोस? देव त्याला गप्प करत नाही, अविश्वासू म्हणत नाही. उलट विचारतो, मला काही अवघड आहे का? (३२:२७). आणि लगेच पुढच्या दोन वचनांत सांगतो की हे शहर जळणार आहे. वाईट बातमी तो मागे घेत नाही. तिच्या पलीकडचं सांगतो, की या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील.

हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगितलं होतं (२८:३). लोकांना तोच आवडला असणार. आपल्यालाही तसेच मेसेज आवडतात. पण ज्याची नोकरी गेली आहे किंवा ज्याच्या घरात केमो चालू आहे, त्याला "लवकरच सगळं छान होईल" या वाक्याचा कंटाळा आलेला असतो. त्याच्यासाठी यिर्मया जवळचा आहे. त्याने जवळची तारीख दिली नाही, पुढ्यात आलेलं एक काम पूर्ण केलं. आपल्या पुढ्यात कदाचित इतकंच असेल: एक अर्ज भरणं, आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवणं, अबोला धरलेल्या भावाचा फोन उचलणं. उत्साह वाटला नाही तरी चालेल. यिर्मयाला वाटत होता असं कुठे लिहिलंय? (आणि हो, हा अध्याय वाचून कुणी कर्ज काढून प्लॉट घेऊ नका. त्याला देवाने सांगितलं होतं.)

यिर्मयाने ते शेत कधी कसले नाही. शहर पडल्यावर उरलेले लोक त्याला मिसरात, तहपन्हेसला घेऊन गेले (४३:७). पण बाबेलहून परतलेल्यांची यादी एज्रा २ मध्ये आहे. कंटाळवाणी म्हणून आपण ती सोडून देतो. २३ वे वचन काढा. अनाथोथचे लोक, १२८.

उद्या ३३ वा अध्याय वाचू. तो संदेशही यिर्मयाला त्याच चौकात मिळाला, अजून सुटका झालेली नसताना.