समुद्राकाठचे पत्र्याचे घर

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• समुद्राकाठी लोखंड लवकर का गंजते, हे सांगू शकाल;
• पारंपरिक कौलारू घर व आधुनिक पत्र्याचे घर यांची तुलना करू शकाल.

मूलपाठ

गुरुग्रामपासून जवळच, दिल्लीतील मेहरौली येथे प्राचीन लोहस्तंभ उभा आहे. सुमारे १६०० वर्षे ऊनपाऊस सोसूनही तो टिकून आहे. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला आणि दिल्लीची वर्षातील बराच काळ कोरडी असणारी हवाही त्याला मानवली. याउलट, कोकण किनाऱ्यावरील घरांच्या खिडक्यांचे साधे लोखंडी गज काही पावसाळ्यांतच पापुद्रे टाकू लागतात. लाटा फुटताना उडणारे खारे तुषार वाऱ्याबरोबर घरांवर येऊन बसतात. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते आणि गंजण्याची क्रिया वेगाने चालू राहते.

कोकणातील जुनी घरे म्हणूनच जांभ्याच्या भिंती, लाकडी वासे आणि उतरते छप्पर यांवर उभी राहिली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले किनारपट्टीवर सर्वत्र पोहोचली. कौलांखाली घर थंड राहते. परंतु माकडांच्या उड्यांनी ती फुटतात, वासे महाग झाले आहेत आणि छपराची वारंवार डागडुजी करावी लागते. त्यामुळे अनेक कुटुंबे लोखंडी सांगाडा व पत्रे यांकडे वळली.

पन्हळी पत्र्याचे पेटंट हेन्री पामर यांनी लंडन येथे १८२९ मध्ये घेतले. साधा कागद वाकतो, पण त्याला घड्या घातल्या की तो ताठ उभा राहतो. पन्हळीचे बळ तेच. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हा थर केवळ आवरण नव्हे. त्यावर ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. आता ॲल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्रणाचा थर दिलेले, वर रंग चढवलेले पत्रेही मिळतात. ऑस्ट्रेलियातील वास्तुविशारद ग्लेन मरकट यांनी पन्हळी पत्र्याचा कल्पक उपयोग करून उघडीहवेशीर घरे बांधली. त्यांना २००२ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. गोदामाचे मानले जाणारे साहित्य अशा रीतीने वास्तुकलेत प्रतिष्ठित झाले.

तथापि, पत्रा चांगला असणे पुरेसे नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. वेगवान वारा छपरावरून वाहताना त्याला वर खेचतो आणि हा ताण कडा व कोपऱ्यांवर सर्वांत अधिक असतो. म्हणून तेथे स्क्रू जवळजवळ हवेत. पत्रा सांगाड्याला, सांगाडा भिंतीला आणि भिंत पायाला घट्ट जोडलेली हवी. या साखळीतील एक कडी कच्ची असली, तरी छप्पर जाते.

गंजाची सुरुवातही बहुधा दुर्लक्षित जागीच होते. उघड्या पत्र्यावरील मीठ पाऊस धुऊन नेतो. पण वळचणीखालच्या भागापर्यंत तो पोहोचत नाही. तो भाग गोड्या पाण्याने अधूनमधून धुवावा लागतो. कापलेल्या कडांना रंग द्यावा लागतो. पत्रा उन्हात लवकर तापतो, म्हणून त्याखाली उष्णतारोधक थर आणि गरम हवा बाहेर जाण्यासाठी वाट ठेवावी लागते.

कौल असो वा पत्रा, समुद्राकाठी कोणतेही घर एकदा बांधून संपत नाही. जे हाती आहे त्याचे गुणदोष ओळखून त्याची निगा राखणाऱ्याचेच घर तेथे टिकते.

शब्दार्थ

पन्हळी – नागमोडी घड्या असलेला
वळचण – छपराच्या पुढे आलेल्या कडेखालची जागा
निगा – काळजी

पाठावरील प्रश्न

१. जस्ताचा थर लोखंडाचे रक्षण कसे करतो?
२. वळचणीखालचा पत्रा का धुवावा लागतो?
३. तुमच्या परिसरातील एका घराचे छप्पर पाहा. ते तेथील हवामानाला अनुरूप आहे का, ते आठ ओळींत लिहा.